डावा डोळा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण

निसर्गाने माणसाला दोन डोळे दिले आहेत. ते चालतात की नाही हे ठरवण्याचं काम मात्र त्याने शहाणपणाने समितीवर सोपवलं आहे. या गोष्टीतली समिती बालदृष्टी संशोधन केंद्राची होती. लहान मुलांत ‘आळशी डोळा’ नावाचा एक विकार असतो. डोळा बाहेरून ठणठणीत, पण मेंदू सगळं काम दुसऱ्याकडून करून घेतो आणि हा नुसता हजेरी लावतो. (असे कर्मचारी इतर खात्यांतही आढळतात, तो या संशोधनाचा विषय नाही.) पोर सात-आठ वर्षांचं होण्याआधी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशाला कामाला जुंपलं, तर तो बहुधा सुधारतो. पुढे अवघड होत जातं. म्हणून केंद्राने पोरांचे डोळे तपासायचं ठरवलं, आणि पालकांना तारीख आधी कळवली. चूक म्हणाल तर एवढीच.

त्या पालकांत एक मास्तर होते. घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. तयारी न करता परीक्षेला जाणारं पोर म्हणजे त्यांच्या लेखी विजार न घालता घराबाहेर पडलेला इसम. त्यांची स्वतःची चिंगी साडेसहा वर्षांची, म्हणजे घराण्याची अब्रूच पणाला लागलेली. मास्तर चौकशीच्या निमित्ताने केंद्रात गेले, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर खोकत उभे राहिले आणि आठही ओळी डोक्यात भरून घरी आले.

“अभ्यासक्रम आटोपशीर आहे,” ते बायकोला म्हणाले. “शेवटची ओळ बारीक असते, ती हमखास विचारतात.”

मास्तरांनी आठही ओळींना चाल लावली. चिंगीला ती दोन दिवसांत पाठ झाली. मग शेजारणी आपापली पोरं घेऊन आल्या, आणि मास्तरांचा मोठेपणा असा की त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. सकाळी उजव्या डोळ्याची तुकडी, संध्याकाळी डाव्याची. कच्च्या मुलांसाठी रविवारी उजळणी. गल्लीतून जाणाऱ्याला “ग प ट, म र ल, स न ह” असा घोष ऐकू येई, आणि बालदृष्टीविषयी समाजात एवढी आस्था आहे हे पाहून ऊर भरून येई.

शास्त्रालाही याचा फार फायदा झाला. केंद्राच्या पहिल्या अहवालानुसार आठव्या ओळीपर्यंत वाचणारी मुलं एकदम नव्व्याण्णव टक्क्यांवर गेली. (उरलेल्या एका टक्क्याला त्या दिवशी ताप होता.) एका मुलाने तक्त्याखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं, त्याला विशेष प्रावीण्य देण्यात आलं. दुसऱ्याने दाराबाहेरच्या बाकावर बसूनच तक्ता वाचल्यामुळे त्याला आत बोलावण्याची गरज उरली नाही. आळशी डोळा आपोआप नामशेष होत आहे, असा निबंध केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहायला घेतला.

एक व्यक्ती मात्र संशोधनाच्या आड येत होती. चिंगीची आई. ती शिवणकाम करायची, आणि चिंगी तिच्या पायाशी बसून मणी ओवायची.

“अहो, पोरगी मान वाकडी करून ओवते. पाणी पेल्याच्या बाहेर ओतते. काल पुन्हा डावीकडच्या चौकटीवर आपटली.”

“लक्ष नसतं कार्टीचं.”

“मला भीती वाटते हो. सात व्हायला कितीसे दिवस राहिलेत? नंतर हात चोळत बसू आपण.”

“काल सराव परीक्षेत डाव्या डोळ्याला पैकीच्या पैकी पडलेत,” मास्तर म्हणाले. आकड्यांपुढे आईचं काही चालेना.

चिंगीचा नंबर शेवटच्या तुकडीत होता, तिच्या तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीस बाईंनी चिंगीचा उजवा डोळा झाकला. चिंगीने डाव्याने आठही ओळी चालीसकट म्हणून दाखवल्या, दम न घेता. मग बाईंनी डावा झाकला. चिंगीने उजव्याने तक्त्याकडे पाहिलं आणि ती मागे उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे वेगळंच काहीतरी लिहिलंय.”

जुना तक्ता मळला म्हणून केंद्राने आदल्या दिवशी नवा टांगला होता. बाई चक्रावल्या. “हिने डाव्या डोळ्याने वाचलं, त्यातलं एकही अक्षर इथे नाही!”

“म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलंत!” मास्तर कडाडले. “पूर्वसूचना नाही, काही नाही! माझ्या मुलीचं नुकसान कोण भरून देणार?”

मास्तरांनी जागच्या जागी हरकत नोंदवली. समिती बसली. दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करून, विद्यार्थिनीची तयारी जुन्या तक्त्यावर झालेली असल्याने, डाव्या डोळ्याला आठही ओळींचे वाढीव गुण द्यावेत असं ठरलं. डोळा पहिल्या श्रेणीत आला. (निबंधातली टक्केवारीही शाबूत राहिली.) मास्तर पेढे वाटल्याच्या थाटात घरी परतले.

आईने चिंगीला दारात उभं केलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला.

“चिंगे, त्या खुर्चीत कोण बसलंय गं?”

“बाबा!” चिंगी ताबडतोब म्हणाली.

खुर्चीत आईने शिवायला घेतलेल्या कपड्यांचा ढीग होता. बाबा चिंगीपासून चार हातांवर, भिंतीला टेकून उभे होते.

“नीट बघ, बाळ.”

“बाबाच. संध्याकाळी बाबा तिथेच असतात,” चिंगी म्हणाली, आणि बक्षिसासाठी हात पुढे केला.

जन्मात पहिल्यांदाच मास्तरांच्या विद्यार्थ्याने बरोबर पाठ केलेलं उत्तर दिलं होतं आणि त्यांना रडू येत होतं. ते चिंगीपाशी खाली बसले. तिने हाताने त्यांचा चेहरा चाचपला आणि ती हसली.

“इथे आहात होय!”

दुसऱ्या दिवशी दोघं तिला घेऊन थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेली. चिंगीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लागली. ‘दिवसातले काही तास’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा “जास्त तास लावली तर पहिला नंबर येईल का?” असं मास्तरांनी विचारलंच, माणूस एका दिवसात किती बदलणार? पण घरी आल्यावर मणी मास्तर स्वतःच पुढे सरकवत होते, आणि चिंगीचं चुकलेलं मोजत नव्हते.

वाचकहो, तुम्ही मास्तरांना हसलात, हरकत नाही. आता एक डोळा झाका आणि ही ओळ वाचा. मग दुसरा झाका आणि तीच पुन्हा वाचा. दोन्ही वेळा घडाघडा आली ना? छान. दुसऱ्यांदा ती वाचलीत, की म्हणून दाखवलीत?