कॅप्टनसाहेबांचा कलप

वैद्यकीय तपासणीच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी डोक्याला, भुवयांना आणि मिशांना सढळ हाताने कलप फासला. पुढच्या आठवड्यात त्यांना पासष्ट वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे प्रवासी विमान चालवणं कायमचं सुटणार. त्याच्या आदल्या दिवशी निरोपाचं उड्डाण ठरलं होतं. बायकोचं तिकीट काढलेलं, पलीकडच्या विमानतळावर मुलगी-जावई घ्यायला येणार. मात्र तपासणीत नापास झाले तर सगळंच ओम फस्! शिवाय ते उड्डाण जाणार ‘आजोबां’कडे.

आजोबा म्हणजे त्यांच्याच बरोबरीचा, पांढऱ्या दाढीचा, सुटलेल्या पोटाचा कॅप्टन. हे नाव साहेबांनीच ठेवलं होतं आणि कंपनीभर पसरवलं होतं.

“डॉक्टरला पांढरे केस दिसले की तो म्हातारपण शोधत बसतो,” साहेब आरशाला म्हणाले.

“अहो, खोक्यावर लिहिलंय, आधी कानामागे थोडा लावून बघा म्हणून,” बायको म्हणाली.

“मला शिकवू नकोस. मी विमान उतरवतो, विमान!”

तपासण्यांची यादी मोठ्याने वाचल्याशिवाय ज्याने आयुष्यात विमानाचं इंजिन सुरू केलं नाही, त्या गृहस्थाला खोक्यावरच्या चार ओळी वाचायला कमीपणा वाटला. अशा शहाण्यांपुढे कुणी काय बोलावं!

सकाळी उठले तेव्हा चेहऱ्याचा भोपळा झाला होता. डोळ्यांच्या जागी दोन फटी आणि वर काळ्याकुळकुळीत भुवया. अंगाला खाज सुटलेली. बायकोच्या ड्रॉवरमध्ये ॲलर्जीची गोळी सापडली, ती त्यांनी तिला न विचारताच गिळली.

“अगंबाई, ती घेतलीत? तिने मी दुपारपर्यंत आडवी होते!”

आता आली पंचाईत. झोप यायला नको म्हणून साहेबांनी काळी कॉफी घेतली. टॅक्सीत बसण्याआधी आणखी एक, दवाखान्याच्या दारात पुन्हा एक. परिणामी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला तेव्हा रक्तदाब छताला टेकला होता.

“कॅप्टनसाहेब, चेहऱ्याला काय झालं?”

“कुठे काय? जरा जागरण झालं.”

“काही औषध घेतलंत?”

“छे! मला औषध कशाला लागतंय?”

डॉक्टरांनी त्यांना कान तपासायच्या खोलीत बसवलं. इवलीशी खोली, जाड दार, कानावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. बाहेर डॉक्टर वाट बघत राहिले. बटण काही दाबलं जाईना. शेवटी दार उघडलं, तर आतून आवाज आला तो साहेबांच्या घोरण्याचा.

गदागदा हलवून उठवल्यावर साहेबांनी सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो, काळे केस बघून मी फसणार होतो? तुमची जन्मतारीख माझ्यासमोर आहे! आता हे सगळं उतरेपर्यंत अनफिट. पंधरा दिवसांनी या.”

“पंधरा दिवसांनी येऊन काय करू?” साहेबांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. त्यांना खरोखरच रडू आलं, पण सुजलेल्या डोळ्यांतून तेही धड बाहेर पडेना.

त्वचेच्या डॉक्टरांनी डोकं, भुवया, मिशा सगळं साफ करायला लावलं. निरोपाच्या दिवशी साहेब बायकोशेजारी प्रवासी म्हणून बसले. तुळतुळीत डोकं, ओठांवर पांढरे खुंट, मांडीवर मलमाची ट्यूब. पुढून आजोबांचा खणखणीत आवाज आला, “नमस्कार, मी तुमचा कॅप्टन बोलतोय. आज आपल्या विमानात आमचे एक ज्येष्ठ मित्र आहेत. त्यांनी मला माझं सगळ्यात लाडकं नाव दिलं.”

कंपनीत नुकतीच लागलेली हवाई सुंदरी लगबगीने त्यांच्याजवळ आली, प्रेमाने वाकली आणि म्हणाली, “आजोबा, पट्टा लावता येतोय ना? की मी लावून देऊ?”

बायकोने घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे मात्र विमान उडेपर्यंत हलत होते.