जगूअण्णांची लोड टेस्ट

जगूअण्णा माणसाला भेटल्यावर आधी नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. साठच्या आत सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. माझं ब्याण्णव आहे, त्यामुळे मी उंब्रजला ह्या गल्लीत राहायला आल्यापासून त्यांच्या मर्जीत आहे. माझ्या ह्या गुणाची कदर बायकोनंही कधी केलेली नाही.

अण्णांची उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करण्यात गेली. आता घरी एकटेच असतात. दाराशी जुनी पेट्रोलची गाडी आहे आणि ती चढाला टकटक करते. सपाटीवर अगदी गरीब गाय. "लोडशिवाय रोग बोलत न्हाई," अण्णा म्हणतात. म्हणून दर रविवारी सकाळी गाडीत लोड भरला जातो. लोड म्हणजे आम्ही. मागे मी आणि दूधवाला संपत, पुढे शेजारच्या हौसाकाकी. पुढच्या सीटचा मान त्यांना वजनावर मिळालेला आहे.

चाफळच्या पुढच्या चढाला अण्णा गाडी मुद्दाम वरच्या गिअरात रेटतात. काचा खाली. बोलायचं नाही, खोकायचं नाही. एकदा संपत शिंकला, तर गाडी पायथ्याला नेऊन पुन्हा पहिल्यापासून चढवली. टकटक सुरू झाली की अण्णा बोट वर करतात आणि आम्ही भजनाला बसल्यासारख्या माना डोलावतो.

वर पवनचक्क्यांच्या खाली चहा मिळतो. तिथं व्याख्यान. "ठिणगीचा जाळ पोचायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल आपल्या मनानं भडकतंय, त्येचा ह्यो आवाज. इंजिनाला एक सेन्सर बसवलेला असतोय, कानच म्हणा. त्यानं ठोका ऐकला की कॉम्प्युटरला सांगतोय. कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतोय. आवाज बंद."

"मग आपला का बंद हुईना?" संपतनं एकदा विचारलं.

"त्येच तर शोधतोय न्हवं."

शोध बरीच वर्षं चालला. प्लग बदलले, पंप बदलला, महागातलं पेट्रोल भरून झालं. रोग काही हटेना. गल्लीत आम्हा तिघांना लोक लोड म्हणूनच ओळखायला लागले.

दिवाळीत त्यांची मुलगी विजया सांगलीहून, विश्रामबागेतल्या तिच्या घरून आली. हा आवाज एक दिवस घाटात दगा देणार अशी तिला धास्ती. अण्णा पाहुण्यांकडे गेलेत असं पाहून तिनं मला सोबत घेतलं आणि गाडी कराडच्या गॅरेजात घातली. मेकॅनिकनं इंजिनातला कार्बन साफ केला, मग आत हात घालून सेन्सर सोडवला आणि हसायलाच लागला. सेन्सर आणि इंजिन यांच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा होता.

"कानात बोळाच घातलाय की," तो म्हणाला. "सेन्सरला ऐकू कसं येणार? पण कापलाय बघा कसा. माहितगाराचं काम हाय." तुकडा फेकून देऊन त्यानं सेन्सर घट्ट बसवला.

विजयाला काही उमगलं नाही. मला उमगलं आणि फार वाईट वाटलं. आवाज थांबला असता तर आम्हाला बोलवायला अण्णांकडे दुसरं निमित्त नव्हतं. नुसतं "चला, फिरून येऊ" हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे जमलो. अण्णा गाडीला टेकून उभे होते.

"आवाज गेला," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "काल एकटाच चढाला जाऊन आलो. आता लोड लागायचा न्हाई. जावा आपापल्या कामाला."

संपत खरंच निघाला. हौसाकाकी मात्र दार उघडून पुढे जाऊन बसल्या.

"आवं भावजी, गेला त्ये लय बरं झालं. इतकी वर्सं तोंड शिवून बसतोय आमी. आज बोलत बोलत जाऊ."

अण्णांनी येऊन गाडी चालू केली. मी संपतला हाक मारून मागे घेतलं. पायथ्यापर्यंत काकीच बोलत होत्या. चढ लागला, गाडी मुकाट वर निघाली, आणि काकी सहज म्हणाल्या, "मालनला गाडी लागायची न्हवं?"

मालन म्हणजे अण्णांची बायको. मी गल्लीत येण्याआधीच ती गेली. अण्णांच्या तोंडून मी तिचं नावही कधी ऐकलं नव्हतं.

"लय लागायची." अण्णांनी गिअर उतरवला, गाडी अगदी हळू केली. "लिंबू हुंगत बसायची. म्हणायची, तुमी आपलं बोलत ऱ्हावा, म्हंजे मला चढ कळत न्हाई."

मग वर पोचेपर्यंत अण्णाच बोलत होते.