लोरेनाच्या हॅमचा लिलाव

"दाखवायला नेतोय, विकायला नाही. कळलं?" लोरेनाने गाडीत नवऱ्याला पुन्हा बजावलं.

"अगं, कितीदा सांगशील!" ड्यूई म्हणाला.

तिच्या मांडीवर दोन हिवाळे मिठाधुरात मुरलेला हॅम, म्हणजे डुकराची अख्खी तंगडी, होता. यंदाच्या जत्रेतल्या हॅमच्या स्पर्धेत जाऊबाई ओपलचं नाक कापायचं, तर ते याच हॅमने.

त्या दिवशी विधानसभा त्यांच्या टिलमन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वारशाचा आणि उद्योगांचा गौरव करणार होती. उद्योग म्हणजे हॅम, तंबाखू आणि गुरांचा बाजार. हॅम अध्यक्षांपुढच्या टेबलावर विराजमान झाला. बाजारात लिलाव पुकारणाऱ्या ड्यूईला दोन शब्द बोलायचे होते.

आता ड्यूई जन्मात कधी सावकाश बोललेला नाही. शिवाय लिलावात तो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. तोंड बघितलं की दया येते म्हणतो, म्हणून फक्त हात बघायचे. बिचारा माइकसमोर उभा राहिला, घाम पुसला आणि नेमका अध्यक्षांचा लाकडी हातोडा त्याच्या नजरेला पडला. झालं!

"बोला मंडळी, टिलमनचा अस्सल हॅम! काय देताय, बोला, बोला!"

भाषणांनी पेंगलेले आमदार खडबडून जागे झाले. पुढच्या बाकावरच्या एका जाडजूड आमदाराने हात वर केला. वर गॅलरीत बसलेली लोरेना ताडकन उठली. ती दोन्ही हात हलवू लागली.

"अरे थांब! ड्यूई!"

त्या गलक्यात ऐकू कुणाला येणार? ड्यूईला हात तेवढे दिसले.

"गॅलरीतून वाढवले! खाली कोण?"

आमदार इरेला पेटला. तो हात वर करी, तशी लोरेना आणखी जोरात हात हलवी आणि भाव चढे. शेवटी आमदाराने नकारार्थी मान हलवली. ड्यूईने अध्यक्षांचा हातोडा उचलून आपटला.

"गॅलरीतल्या बाईंना!" म्हणत त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बाहेर आमदाराने लोरेनाला गाठलं. "बाई, एवढा भाव दिलात, म्हणजे हॅम खासच असणार. केलाय कुणी?"

"मीच!"

परतताना हॅम पुन्हा लोरेनाच्या मांडीवर होता. मग ड्यूई हळूच म्हणाला, "हातोडा पडला की सौदा पक्का. आपल्या बाजाराचा नियम आहे."

"आहे ना. घेणारी मी, विकणारीही मी. माझं मी बघते."

"आणि माझी दलाली?"

लोरेनाने गाडी थांबवायला लावली आणि हॅम त्याच्या मांडीवर ठेवला.

"सरक तिकडे, मी चालवते. तू हा धर. आणि बघायचंच असेल, तर आता जरा माझ्या तोंडाकडे बघ."