वाट्यातला पारा

तळवलीच्या चांगुणाबाई रोज सकाळी धक्क्यावरून मासळी आणून वाशीच्या नव्या वसाहतीत विकायला बसत. १९८३ साली 'मासळीतील धातू नियंत्रण कक्षा'चे कमळाकर साहेब त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, तेव्हा पाटीत मुशी, म्हणजे लहान शार्क मासे, होत्या आणि घरी सून सात महिन्यांची पोटुशी होती.

"बाई, समुद्राच्या मासळीत पारा सापडतोय. किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेला की मासळी विषारी," असं समजावून साहेबांनी तपासणीसाठी दोन मुशी नेल्या.

अहवाल आला तोवर नातू दीड महिन्याचा झाला होता. पारा निघाला किलोमागे नऊ दशांश मिलिग्रॅम. साहेबांनी विक्रीबंदीचा कागद पुढे केला.

"सायब, किलोनं कोन इकतंय? आमी वाटं लावतो."

साहेब गंभीर झाले. कायद्यात किलो होता, वाटा कुठेच नव्हता. जो किलो विकलाच जात नाही, त्याच्यावर बंदी घालायची कशी? कक्षाने तातडीने तीन जणांची समिती नेमली. समितीने चांगुणाबाईंचे एकशे वीस वाटे तोलले. ओळखीच्या बायकांचा वाटा मोठा, घासाघीस करणाऱ्यांचा लहान, सरासरी साडेपाचशे ग्रॅम. तेवढ्यात पारा भरला अर्ध्या मिलिग्रॅमहून पाच सहस्रांश कमी. वाटा निर्दोष ठरला आणि 'एका गिऱ्हाइकास एकच वाटा' या अटीवर चांगुणाबाईंना शिक्का मारलेला दाखला मिळाला.

दाखला घेऊनही त्या कचेरीतून हलेनात.

"सायब, सुनेला दूध कमी येतंय. आमच्यात बालंतनीला मुशी घालतात. घालू का?"

"तुम्ही तिला वाटा विकणार आहात का?"

"घरच्या मानसाला कोन इकतं?"

"मग ती बाब आमच्याकडे येत नाही."

"तुमची सून असती तर घातली असती का?"

साहेबांनी फाइलची नाडी आवळली. "हा प्रश्न लेखी द्या, बाई."

चांगुणाबाईंना लेखी काही देता येत नव्हतं. त्या संतापून घरी आल्या आणि सुनेपुढे मेथीची भाजी वाढली. नातवाच्या बाबतीत त्यांना पाच सहस्रांशाचा भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी पाटीजवळ दाखला टांगला आणि मुशीवर झुंबड उडाली. एकाला एकच वाटा म्हटल्यावर वसाहतीतल्या सुशिक्षित मंडळींनी दुसरा नवऱ्याच्या नावावर घेतला, तिसरा शाळेत गेलेल्या मुलीच्या. चांगुणाबाई मान खाली घालून वाटे लावत राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. 'मावशी, तुमच्या घरी हीच खातात का?' असं कुणी विचारलं असतं, तर त्या खरं सांगून मोकळ्या झाल्या असत्या.

त्या गर्दीत तुम्हीही होतात. तुम्ही दाखल्यावरचा शिक्का नीट पाहिलात, "ताजी आहे ना?" एवढंच विचारलंत, आणि साडेपाचशे ग्रॅमच्या वाट्यावर आणखी एक मुशी हट्टाने फुकट घालून घेतलीत.