चाल कोणाची?

जयराम पेटीवाल्याच्या घरी सत्यनारायण होता. आमचं भजनी मंडळ रंगात आलं होतं, मी झांज धरली होती आणि माझा शेजारी हरेश्वर चुरी पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. अभंग संपायच्या आतच त्याने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि विचारलं, "चाल कोणाची?"

जयरामला वाटलं, कौतुक होतंय. पेटीचा भाता सोडून म्हणाला, "आपलीच. मीच बसवली."

"तुला गिटार येते?"

"नाही बा."

"मग माफ कर," असं म्हणून हरेश्वर उठला, चपला घातल्या आणि अंगणात चिकूच्या झाडाखाली जाऊन बसला. प्रसाद त्याने तिथेच मागवला. दोनदा मागवला.

सत्तर वर्षं मी आशागडात काढली. पूजेतून भांडून उठलेले पाहिले, पिऊन आले म्हणून उठवलेले पाहिले. पण चाल बसवणाऱ्याला गिटार येत नाही, म्हणून देवासमोरून उठलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझी झांज हातातच राहिली.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही गुरुजींनी ढकललं म्हणून. कागदावरची कलम मला अडखळत चालवता येते. झाडाचं कलम मात्र विचारा. रायणीचं रोप घ्यायचं, चिकूची जिवंत फांदी घ्यायची, दोघांना तिरका काप द्यायचा, सालीला साल भिडवायची आणि पट्टीने असं बांधायचं की मध्ये वारा शिरता कामा नये. याला भेट कलम म्हणतात. डहाणूपासून तलासरीपर्यंत किती वाड्यांत माझ्या हातची झाडं फळताहेत. हे सांगतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. आणि खरं आहे म्हणूनही सांगतो.

हरेश्वर चौदा साली माझ्या शेजारच्या बंद घरात राहायला आला. एकटाच. सामान म्हणजे एक गिटार, एक टेप आणि चार खोके कॅसेटी. मी टोपलीभर चिकू घेऊन गेलो.

"मुंबईत काय करायचास?"

"हॉटेलात गिटार वाजवायचो. मग जहाजावर."

"आणि आता दिवसभर काय करणार?"

"जॅझ ऐकणार. दुसरं काही नाही."

मला ऐकू आलं, झांज. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. पंचेचाळीस वर्षं मंडळात झांज वाजवतो, पण घरच्यांनीसुद्धा कधी 'जरा ऐकव' म्हटलं नव्हतं. घरी गेलो, झांजा चिंचेने घासल्या आणि त्याच्यासमोर बसून पाऊण तास वाजवल्या. त्याने डोळे मिटून ऐकल्या. माणूस सभ्य. शेवटी म्हणाला, "छान. पण लिहिलं कोणी?"

"झांज काय लिहायची गोष्ट आहे? झांज वाजवतात."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "बरोबर," तो म्हणाला. "गिटारबद्दलही हेच बोलायचे."

त्याला एवढं काय लागलं ते मला कळलं नाही. आमची सुंदर, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "पाऊण तास झांज ऐकल्यावर कोणाचाही चेहरा उतरेल."

पुढे त्यानेच मला जॅझ समजावला. ठरलेली चाल घ्यायची, ती सोडून मनाला येईल तिकडे भटकायचं आणि वेळेवर घरी परतायचं. मी म्हटलं, आमच्या वाडीत अशा माणसाला कामावर ठेवत नाहीत. त्यातही त्याला सगळा जॅझ चालत नसे. चाल गिटारवाल्यानेच लिहिलेली हवी. नुसती वाजवलेली नको. "वाजवणारे पायलीचे पन्नास, गोविंदा. लिहिणारा दाखव." पियानोवाल्याने लिहिलेलं कानावर पडलं तर तो खरोखर कानात कापूस घालायचा. कापूस खिशातच असे. डहाणू स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात गाणं लागलं की विचारायचा, हे लिहिलं कोणी. रिक्षावाल्याला काय माहीत. मग हा अर्ध्या रस्त्यात उतरून चालत जायचा, भाडं पूर्ण देऊन. शेवटी रिक्षावाले त्याला लांबून पाहूनच गाणं बंद करायला लागले.

त्याच्याकडे एक वही होती. तिच्यात गिटारवाल्यांनी लिहिलेल्या त्याच्या सगळ्यांत आवडत्या चाली, नंबर घालून. एक ते वीस. इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मीच नावं ठेवली. चौथीला मी 'फाटक बंद' म्हणायचो, कारण ती सारखी थांबते आणि पुढे जाईल असं वाटतं, पण जात नाही. नववी 'बोंबील', कारण चिंचणीला दांडीवर वाळत घातलेले बोंबील वाऱ्यावर हलतात तशी ती नुसती डुलते. बारावीचं नाव 'सासूबाई आल्या'. ते का, हे ऐकल्याबरोबर सुंदरला कळलं, आणि दोन दिवस माझा चहा बंद झाला. हरेश्वरला ही नावं इतकी पटली की त्याने ती वहीत मराठीत लिहून घेतली.

पण पहिल्या नंबरची ओळ कोरी होती.

"पहिला नंबर कोणाचा?"

"तो अजून तपासायचाय."

दर महिन्याला विचारायचो. दर महिन्याला हेच उत्तर. एकदा त्याच्या घरात फळीवर एक गंजका बिस्किटांचा डबा दिसला. खायला काही असेल म्हणून मी हात घातला, तर त्याने माझ्या हातावर फाडकन चापट मारली. माझा बाप गेल्यापासून माझ्या हातावर कोणी मारलेलं नाही. आठ दिवस त्याच्या दारावरून तोंड फिरवून गेलो. नवव्या दिवशी तो कुंपणाशी आला. "एकोणिसावी बदललीय. ऐकायला ये." माफी नाही, काही नाही. माफी मागितली असती तर मी गेलो नसतो. गेलो.

अठराची दिवाळी झाली आणि आमच्याकडे जमीन हलायला लागली. धुंदलवाडी, तलासरीकडे जास्त, पण आशागडातही भांडी वाजायची. आधी पोटातून गडगडाट आल्यासारखा आवाज, मग धक्का. लोक अंगणात मंडप घालून राहायला लागले. हरेश्वर घरातच. "जमिनीला ठेका आहे," तो म्हणायचा, "चाल नाही."

मग एका दुपारी मोठा धक्का बसला. आम्ही सगळे बाहेर पळालो. जयराम आमच्याकडे आला होता, तो पेटी कवटाळून पळाला. सुंदरने भाकरीचा तवा आणला, का ते तिलाही सांगता येईना. हरेश्वर गिटार घेऊन आला. मला हायसं वाटलं. त्याने हातातल्या गिटारकडे पाहिलं, ती चिकूच्या बुंध्याला टेकवली आणि वळून परत घरात गेला.

"अरे ए," मी ओरडलो, "भिंत फुटलीय तुझी."

त्याने ऐकलं नाही. मी मागे धावलो. या वयात मी धावलो हाच एक धक्का. आत तो स्टुलावर चढून त्या डब्याला हात लावत होता. तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. डबा पडला, उघडला आणि त्यातून एकच कॅसेट बाहेर आली. फीत बाहेर लोंबत होती. हरेश्वर खाली उतरून तिच्यावर पालथा पडला. वरून गिलावा पडत होता. मी त्याची कॉलर धरली आणि होता तसा ओढत बाहेर काढला.

बाहेर आल्यावर कळलं. त्याच्या मुठीत कॅसेट होती, पण फीत उंबऱ्याच्या खिळ्यात अडकून तुटली होती. माझ्या ओढण्याने तुटली होती.

हरेश्वर मातीत बसला आणि रडायला लागला. म्हातारा माणूस असा आवाज काढून रडतो, हे पाहून आम्ही सगळे भूकंप विसरलो.

"हा पहिला नंबर?" मी विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली. मग आपणहून बोलला. "मालतीला, माझ्या बायकोला, मीच गिटार शिकवली. बारा वर्षांनी म्हणाली, मी एक चाल लिहिलीय, ऐकता का. बँडमधले दोस्त बसले होते. मी हसलो. म्हटलं, गिटारवाल्याने साथ द्यावी, चाली लिहिणं त्याचं काम नाही. ऐकायच्या आधीच हसलो, गोविंदा. तिने गिटार पिशवीत घातली, ती माझ्यासमोर पुन्हा काढली नाही. ती गेल्यावर ही तिच्या कपाटात सापडली. वर माझं नाव लिहिलेलं."

"आणि तू ऐकली नाहीस?"

"धीर झाला नाही. म्हटलं, आधी शोधून बघू, गिटारवाला खरंच चाल लिहू शकतो का. एकोणीस सापडल्या. एकोणीस वेळा मी खोटा ठरलो."

बोलणं हे माझं काम नव्हेच. मी म्हटलं, "आण इकडे. याची साल कुठली ते सांग."

"काय?"

"आवाज कुठल्या बाजूला असतो?"

"मळकट बाजूला. चकचकीत बाजू कोरी."

कलमाचा चाकू माझ्या कमरेला असतोच. दोन्ही टोकं एकावर एक धरून तिरका काप दिला. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गेला, तो त्याने उचलून खिशात ठेवला. सुंदरने रोपांच्या चिठ्ठ्या चिकटवायची पट्टी आणली. चकचकीत बाजूने केसभर पट्टी लावून टोकाला टोक भिडवलं, नखाने दाबलं. त्या वेळी जमीन हलली असेल तर मला माहीत नाही, माझा हात हलला नाही. पेन्सिल घालून फीत आत फिरवली. जयरामने मंडपातला सेलवरचा टेप आणला.

"लाव," मी म्हटलं.

"तू लाव," हरेश्वर म्हणाला.

मी लावली. आधी खरखर. मग गिटार. मला जॅझ पाच वर्षांत फारसा कळला नाही, पण ही चाल घरातून निघाली, भटकली आणि परत आली, एवढं मला कळलं. मी सांधलं होतं तिथे ती जराशी ठेचकाळली. मी मान खाली घातली. शेवटचा सूर विरला आणि एका बाईचा आवाज आला, अगदी साधा, घरातला.

"झालं. आता हसा."

सुंदरच्या हातात अजून तवा होता. जयरामला तो सत्यनारायण आठवला असावा. त्याने पोरासारखा हात वर केला आणि हळूच विचारलं, "चाल कोणाची?"

"गिटारवालीची," हरेश्वर म्हणाला.

मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून त्याने फीत मागे फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गोविंदा, कलम धरलंय का ते परत एकदा बघू."