जालिंदरचा काठोकाठ कप

मिरजगावात जालिंदरच्या औषधांच्या दुकानात जो जाईल त्याला चहा मिळतो. तोही असा काठोकाठ, की बशीशिवाय ओठांपर्यंत नेणे कठीण. बशी मात्र तो देत नाही. गावात यावर दोन मते आहेत: जालिंदर दिलदार आहे, किंवा त्याला चहा ओतता येत नाही. दोन्ही साफ चुकीची. तो माणसाचा हात पाहतो. कप थरथरला की विचारतो, "दुसरं काय चालू हाय?" खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या सरपंचांनाही त्याने एसटी थांब्यापर्यंत चालवले होते. "चाल बगू द्या, मग बाटली."

आता माझ्या धाकट्या भावाविषयी, रंगनाथविषयी. डेअरीतला सुदाम सांगतो, की जालिंदरने रंगनाथची गोळी मनानेच अर्धी केली. सुदाम तेथे नव्हता. मी होतो.

रंगनाथच्या कानात आवाज येत. नगरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळीने ते थांबले. ती गोळी मी वर्षानुवर्षे नगरहूनच आणी. गावात बोभाटा नको. यंदा तो उदास राहू लागला, म्हणून त्याला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेले. ते माझ्या नातीच्या होणाऱ्या सासरचे पाहुणे. म्हणून नगरची फाइल मी घरी गव्हाच्या कोठीमागेच ठेवली. हे मी कबूल करतो. इतरांनी त्यात भर घालू नये.

कर्जतच्या डॉक्टरांनी उदासीची गोळी दिली. काही आठवड्यांत रंगनाथ लाकडासारखा ताठ झाला. पाय घासत चाले. सदऱ्याची बटणेही लावता येईनात. घरचे म्हणाले, आळस. मीही म्हणालो.

उदासीच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्याला घेऊन जालिंदरच्या दुकानात गेलो. रंगनाथच्या हातून निम्मा चहा काउंटरवर सांडला. जालिंदरने काढलेली गोळ्यांची पट्टी फडताळात परत ठेवली.

"दुसरं काय चालू हाय, तात्या?"

"काही नाही."

"ह्या गोळीनं मानूस असा ताठत न्हाई. खोटं बोलायचं आसंल तर मारुतीशी बोला, त्यो कुनाला सांगत न्हाई."

गिऱ्हाइके हसली. मी तडक बाहेर पडलो आणि, हे कोणी सांगत नाही, घरून फाइल घेऊन आलो. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवताच जालिंदर स्टुलावरून उठलाच.

"ही नवी गोळी जुनीला अंगातून निघू देत न्हाई, तात्या. जुनी साठत चाललीय. घेतोय एक अन् जोर दोनाचा."

त्याने तेथूनच नगरला फोन लावला. जुन्या गोळीचा डोस अर्धा केला तो नगरच्या डॉक्टरांनी; तोही कर्जतच्या डॉक्टरांशी बोलून. जालिंदरने तो लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला आणि मला बजावले, "उदासीची गोळी बंद झाली की डॉक्टरांना पुन्ना विचारायचं, जुनीचा डोस वाढवावा लागंल. मनानं काय करायचं न्हाई. तुमी तर मुळीच न्हाई."

थोड्याच दिवसांत रंगनाथ बटणे लावू लागला. महिन्याभरात तो रस्त्याने माझ्या पुढे चालत होता. माझ्या पुढे!

आता रोज संध्याकाळी जालिंदर त्याला माळाकडे फिरायला नेतो. गाव म्हणते, पेशंटवर नजर ठेवतो. मी एकदा मागोमाग गेलो आहे. साऱ्या वाटेने जालिंदरच बोलत होता: पुण्याचा मुलगा फोन उचलत नाही, एकट्यापुरती भाकरी थापायचा कंटाळा येतो. रंगनाथ "व्हय, व्हय" करीत ऐकत होता.

परवा रंगनाथला ताप होता. जालिंदर दाराशी आला. मी म्हणालो, आज तो फिरायला येणार नाही.

चपला काढत तो म्हणाला, "मग मी हितंच बसतो जरा."