गोजराबाईच्या कढईची आणि काळ्या ठिपक्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके सत्राशे सोळा, आनंद नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी. हुजुरून आज्ञा जाहली की, पतदप्तराचा घोळ कैसा जाहला तो साद्यंत लिहावा. सेवकाने डोळां देखिले ते हसू आवरून लिहिले आहे. शाई सांडली असेल तेथे हसू आवरले नाही ऐसे समजावे.

राज्याचे नाव लिहिणेची परवानगी नाही. तेथे पतदप्तर म्हणोन थोर कचेरी होती. कोणी पेढीचा हप्ता थकविला, तर पेढीने त्याचे घरी तगादापत्र धाडावे आणि घेणाराची सही घ्यावी, मग चौदा दिवस वाट पाहावी, आणि तरी पैका न आला तर दप्तरात काळा ठिपका द्यावा. ठिपका सहा वर्षे हालत नसे, आणि ठिपकेवाल्यास कोणी उधार सुतळीही देत नसे. "मला कळलेच नाही" ही सबब चालू नये म्हणोन कायदा ऐसा की, पत्रावर ज्याची सही, ठिपका त्याचा. परंतु सही कोण पाहतो? कारकून वरचे नाव वाचीत आणि ठिपका देऊन जेवावयास जात.

त्या समयी गोजराबाई हलवाईण इजला राजकन्येच्या लग्नातील जिलबीचा मक्ता मिळाला. लग्नास आठ दिवस, आणि मोठी कढई नाही. मग बाई पेढीवर गेली आणि कढईपुरते कर्ज मागितले. मुनीमजींनी दप्तराची नक्कल उघडली आणि चष्मा पुसला.

"बाई, नावापुढे ठिपका आहे. जुन्या परातीचा शेवटचा हप्ता, सव्वा रुपया."

"अगंबाई, घर बदलण्याच्या गडबडीत राहिलाच की. हा घ्या."

"घेतो. पण ठिपका राहणार. तुम्हांस तीन पत्रे पोचली आहेत."

"मला चिटोरेही पोचले नाही," बाई बोलिली, आणि पदर खोचून थेट पतदप्तरी चालती जाहली, आणि दारातच थबकली. कारण कचेरी दोन वर्षांपूर्वी ज्या घरात आली, ते बाईचेच जुने घर. दप्तरदार चिमणाजीपंत बसले होते तेथे पूर्वी बाईची चूल होती.

बाईने तीन पत्रे मागितली. पंतांनी ती तात्काळ काढून दिली, लाल फडक्यात बांधलेली, आणि तिन्हींवर सही खुद्द पंतांची.

"पंत, ही गोजराबाई कोण, इतके तरी विचारायचे."

"आमचे काम कागद घेणे. वाचणे आमच्याकडे नाही," पंत बोलिले, आणि मग स्वतःची सही पाहून त्यांनी कायद्याची पोथी मागविली. कायदा उघडला. सही ज्याची, ठिपका त्याचा; आणि सही तर कचेरीच्या वतीने. सबब पंतांनी स्वहस्ते पतदप्तराचे नावापुढे ठिपका दिला, लेखणी फार बुडविल्यामुळे तो लिंबाएवढा जाहला, आणि दौत कोरडी पडली. बाईचा ठिपका खोडणे राहिलेच. मग शाईवाले कासमभाईंस बोलाविले. ते बारा वर्षे शाई उधार देत; आज रिवाजाप्रमाणे दप्तर पाहिले.

"पंत, तुम्हांला ठिपका आहे. रोख द्या."

खजिन्यातून पैका दसऱ्यास निघे. लग्न तर आठ दिवसांवर. बाईने कपाळावर हात मारिला आणि कनवटीचे चार आणे काढून शाई आणविली. पंतांनी ठिपका खोडला, बाजूस "चूक आमची" ऐसे लिहिले, आणि बाईने त्याच शाईने पंतांकडून चार आण्यांची चिठी लिहून घेतली.

"महिना एक आणा द्या, पंत. चुकलात तर मी तगादापत्र धाडीन. पत्ता मला पाठ आहे, येथे चूल कुठे होती तेही."

सारांश, कढई आली, जिलबी जाहली, वऱ्हाड बोटे चाटीत गेले. पंतांनी चारही हप्ते एकेक दिवस अगोदर नेऊन दिले, आणि तेव्हापासून दारी आलेला कागद ते दोनदा वाचितात आणि मग सही करितात.